डाव्या अंगठ्याचे नख

खाली सही करणारी मी. वय एकसष्ट, धंदा कृत्रिम नखे बसवणे व घासणे. लोक मला नखवाली म्हणतात, मीही तेच सांगते. माझे डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. छातीच्या डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी लिहून दिल्या आहेत, तो कागद मागे टाचला आहे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही आणि कोणी रडले म्हणूनही नाही. यापूर्वीचा असा कागद कुठे निघाला तर तो फाडावा.

कलम एक. माझ्या देहाचे काय करायचे ते करावे, फक्त माझ्या नखांना रंग लावू नये. धाकटी बहीण लावायला येईल. तिला बाहेर बसवावे. एकतीस वर्षे मी लोकांची नखे घासली, स्वतःची कधी वाढवली नाहीत. त्यांच्याखाली काय साठते ते मी रोज ब्रशने काढत होते.

कलम दोन. नवरा हयात आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो. उशीला द्रवाचा वास येतो म्हणून तो गेला. वास येत होता हे खरे आहे. नखाची पावडर ज्या द्रवात कालवतात त्याचा वास केसांत, पोळीत, पाण्याच्या तांब्यात, सगळीकडे बसतो. त्याला लाकडी पलंग द्यावा. उशी मी जाळली.

कलम तीन. हाताच्या कानशी. धंद्यातल्या नव्या मुली त्यांना फाइलर म्हणतात, मी कानसच म्हणते. भरड सात, मध्यम बारा, मऊ चार. आधी दोन्ही बाजू सरळ करायच्या, मग टोक, मग पाठ, आणि मुळाशी इतके पातळ आणायचे की खरे नख कुठे संपले ते बोटाला कळू नये. कानस एकाच दिशेने चालवावी. करवतीसारखी पुढेमागे ओढणाऱ्या कोणालाही या देऊ नयेत. तसे कोणी न मिळाल्यास टाकून द्याव्यात.

कलम चार. विजेचे मशीन धाकटीला. ते तिनेच आणले होते. हाताने चाळीस मिनिटे लागत, मशीनने बारा. त्याआधी दुकानात धूळ असे, त्यानंतर पीठ पडू लागले. भुवयांवर, कानात, चहावर सायीसारखे. त्यात पावडर किती आणि माणसे किती हे मी कधी विचारले नाही, चहा प्याले. मशीन एका जागी जास्त टेकले की शिंग जळल्याचा वास येतो. एका आठवड्याचे पीठ मी काचेच्या बरणीत भरून ठेवले आहे. तीही धाकटीला. झाकण उघडायचे की नाही ते तिने ठरवावे.

कलम पाच. दुकान. एक खोली, दोन टेबले, समोर भिंतभर आरसा. धाकटी तिथे एकोणीस वर्षे बसते आहे आणि तिला दुसरे काही येत नाही. तरी दुकान तिला देऊ नये. शेजारच्या चावीवाल्याला द्यावे. कारण लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची शिंपीण आली. तिला सजायचे नव्हते. कापडाची दुमड ती डाव्या अंगठ्याच्या नखाने दाबून बसवायची, तिला इस्त्री लागत नसे. ते नख सारखे चिरत होते. म्हणाली, “याच्यावर काहीतरी कडक बसवा. बाकीच्या नऊ नखांना हात लावू नका.” धाकटीने मशीन लावले.

“चटका बसतोय गं.”

“आत्ता जाईल, ताई. सुरेख दिसेल बघा.”

“मला सुरेख नकोय. मला पक्कं हवंय.”

तीन आठवड्यांनी ती परत आली. नखाची कड उचलली होती. आमच्यात पहिले काम असते नख वरून दाबून बघणे. खाली पांढरी फट उघडमीट करत असेल तर आत पाणी गेले. तिथे नुसती फट नव्हती, हिरवे होते, साचलेल्या डबक्याच्या कडेला असते तसे. असे दिसले की सगळे उतरवायचे, तेही हाताने, नख उघडे ठेवायचे आणि बाईला डॉक्टरकडे पाठवायचे. याला दुसरा मार्ग नाही. बाकावर चार बायका थांबल्या होत्या. धाकटीने कड घासली, नवा थर चढवला आणि वरून गडद लाल रंग दिला.

“लाल कशाला? माझं साधं होतं ना.”

“आज माझ्याकडून, ताई.”

मी पलीकडच्या टेबलावर होते. मला हे नंतर कळले.

महिन्याने ते नख मुळापासून सुटून तिच्या मांडीवरच्या कापडात पडले. ती ते कागदात गुंडाळून खाली घेऊन आली. मी म्हटले, “पाण्यात हात फार ठेवलेस बहुतेक.” ते वाक्य माझे आहे, ते मी नाकारत नाही. दुसरे नख आले ते जाड आणि वाकडे. त्याने दुमड बसत नाही. आता ती कात्रीच्या मुठीने दाबते. छताला कान दिला तर ती ठोक ऐकू येते.

मला या कामाची, त्या लाल रंगाची आणि तो लावणाऱ्या हाताची किळस येते. म्हणून दुकान बहिणीला नाही.

कलम सहा. साक्षीदार दोन, छातीचे डॉक्टर आणि वरची शिंपीण. वकील म्हणतात साक्षीदाराला काही देऊ नये आणि मजकूर वाचून दाखवायची गरज नसते. शिंपिणीला मी काही ठेवलेले नाही. मजकूर मात्र वाचून दाखवणार आहे. तेवढेच तिला द्यायचे होते.

अंमलबजावणी चावीवाल्याने करावी. सगळ्या किल्ल्या तशाही त्याच्याकडेच असतात.

सह्यांपूर्वीची दुरुस्ती.

वरचा मजकूर आज सकाळी दोघांना वाचून दाखवला. शिंपीण म्हणाली, “ते पाचवं परत वाच.” मी वाचले.

“नंतर कळलं म्हणतेस?”

“हो.”

“आरसा तुझ्यासमोर होता तसा माझ्याहीसमोर होता. तिने माझं नख दाबून धरलं आणि तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस.”

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

“अकरा वर्षं बोलली नाहीस,” मी म्हटले.

“तू कधी बोलतेस ते बघत होते. दरवर्षी एप्रन शिवायला घेऊन यायचीस की.”

“मग शिवलेस कशाला?”

“शिवणं माझं काम आहे. मी ते नीट करते.”

तिने सांगितले ते खरे आहे. धाकटीने मला विचारले होते. बाकाकडे बघून मी मान हलवली. नंतर कळले, हे खोटे. सही केली असती तर ते माझ्यामागे खरे ठरले असते. लिहिताना हात अडला नाही, याचीच आता शिसारी येते.

कलम पाच मी रद्द करते. आडवी एकच रेघ मारली आहे, खालचे वाचता यावे. दुकान धाकटीला, कोणत्याही अटीशिवाय. तिच्याबद्दल माझे मत बदललेले नाही. पण जे मी करायला लावले त्यासाठी तिला रस्त्यावर काढता येत नाही. हिरवे दिसले तर तिने कोणाकडे बघू नये, उतरवावे. त्यासाठी कानशीही तिलाच. ती पुढेमागे ओढते हे मला माहीत आहे.

कलम चारमधील बरणी तिला देऊ नये. ती माझी आहे, माझ्याबरोबर जावी.

एवढे लिहून झाल्यावर शिंपीण म्हणाली, “बघायचंय?” तिने हात टेबलावर ठेवला, गिऱ्हाइके ठेवतात तसा. मी ते नख कधी पाहिले नव्हते. जिन्यात भेटली की मी पायऱ्या बघायचे. पिवळट, मधोमध उंचवटा, एका बाजूला मांसात घुसलेले. मी ते वरून दाबून पाहिले. फट नव्हती.

ठिकाण: दुकान, आरशासमोरचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा

सही: नखवाली

साक्षीदार पहिला: छातीचे डॉक्टर. आमच्यासमोर सही केली, पूर्ण शुद्धीत.

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरची शिंपीण. तिला लिहिता येते, सही वळणदार आहे. सहीशेजारचा डाव्या अंगठ्याचा ठसा मी मागितला नव्हता. तिनेच शाईची डबी ओढून घेतली आणि उठवला. ठसा स्वच्छ आहे. त्यात नख उमटत नाही.