चौथ्या ओळीचा निळा रंग

सर, तुमचा आवाज आता माझ्या नातीच्या कॉम्प्युटरवर चित्र होऊन बसला आहे. स्नेहसंमेलनात तुम्ही म्हटलेल्या सांजेच्या कवितेची टेप मी जपून ठेवली होती, तिच्यावरून काढलं तिने. तुमचाच नियम सांगितला मी तिला: एका मात्रेला एक चौकट, खालच्या स्वरांना निळा रंग, वर जावं तसा केशरी. कॉम्प्युटर म्हणे स्वराची उंची मोजतो आणि चौकट भरतो. मला संशय आला. तीनदा काढायला लावलं. तिन्ही वेळा चौथी ओळ सगळी निळी.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची, सांगलीच्या अध्यापक विद्यालयातली ती दुपार. आम्ही होऊ घातलेले मास्तर आलेखवहीत तुमची चाल रंगवत बसलो आहोत. माझी चौथी ओळ केशरी, शेजारच्या कवठे महांकाळच्या मित्राची निळी. तुम्ही दोन्ही कागद खिडकीशी धरता. ‘‘चाल एक आणि चित्रं दोन? सांज कुठे निळी असते का रे?’’ तो उभा राहतो. ‘‘आवं सर, म्या मोजून भरलंय. पेटी तर वाजवून बघा.’’ तुम्ही पेटी उघडली नाहीत. उर्मट, कान नसलेला, असं बरंच बोललात त्याला, आणि माझा कागद भिंतीवर लावलात. वर्ष संपेपर्यंत पोरं त्याला निळे मास्तर म्हणत होती.

एस.टी. स्टँडवर त्याने मला विचारलं, ‘‘गड्या, तू मोजलं हुतंस का रं?’’ मी व्हय म्हणालो. मोजलं नव्हतं. सूर्य बुडताना कृष्णेचं पाणी दिसतं तसं रंगवून टाकलं होतं. कविता ऐकताना मला चौकटी दिसतच नाहीत, आजही. पुढे तो त्याच्या शाळेत कविता नुसती वाचून दाखवायचा. चालीवर कधी म्हणाला नाही.

नात म्हणते, ‘‘आजोबा, कॉम्प्युटरला आवडनिवड नसते, सांगू तेवढंच करतो.’’ तरी साताऱ्याच्या या खोलीत भिंग घेऊन मी एकेक चौकट मोजली. कुठेतरी चुकावं म्हणून मोजली. चुकलं नाही. संशय तुमचाही येतो, सर. चाल तुमचीच, ती चौथ्या ओळीत खाली उतरते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

हे पत्र कवितांच्या वहीतच राहील. त्या निळ्या मास्तर आजोबांना चित्र पाठवूया, पत्ता द्या, असं नात काल म्हणाली. मी म्हटलं, माहीत नाही.

पत्ता मला पाठ आहे.