बोदिलचा साबण, माझं व्हार्निश आणि शनिवारची कमान

मार्स्टाल, मंगळवार

आदरणीय गुड्रूनताईंच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नशिबी आलेल्या अक्सेलचा आदरपूर्वक नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? तुमच्या बॉर्नहोम बेटावरच्या वाऱ्यात तो दुखणारच, पण तुम्ही त्याला दाद देत नसाल याची खात्री आहे, कारण तुम्ही आजवर कोणालाच दिलेली नाही. (हे मी कौतुकाने म्हणतोय.) इकडे सगळं क्षेम आहे. माझी कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईलच. बोदिलची तब्येत उत्तम आहे, असं शेजारची आस्ता सांगत होती.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही मध्ये बोलता, ताई. आणि मला एकदा तरी माझी बाजू शेवटपर्यंत मांडायची आहे.

बैठकीच्या खोलीत मी या हिवाळ्यात अस्सल ओकच्या फळ्या टाकल्या, हे तुम्हाला बोदिलने कळवलं असेलच. एकेक फळी अशी रुंद की वर ताणून झोपावं. (झोपलोही होतो, पण तेव्हा मी मोजमाप घेत होतो.) बसवेपर्यंत नवरा-बायकोत वादाचा ब्रही निघाला नाही. मग शेवटची फळी बसली आणि प्रश्न आला, की आता यावर लावायचं काय? मी आयुष्यभर फेरीबोटीवर काम केलेला माणूस. लाकूड दिसलं की त्यावर व्हार्निश मारायचं, वाळलं की पुन्हा मारायचं, एवढंच शास्त्र मला ठाऊक. बोदिल म्हणाली, साबण. तुमच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या साबणच. गरम पाण्यात पांढऱ्या साबणाचा कीस विरघळवायचा, तो कोऱ्या लाकडात जिरवायचा, पुसायचा, वाळला की पुन्हा तेच, आणि मग लाकूड ताकासारखं फिकट होतं. तुमच्या आईच्या त्या जमिनीवर मी जावई म्हणून पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे नाही, मोज्यांकडे बघत होत्या, हे मी विसरलेलो नाही. तरी मी वाद घातला नाही. मी एवढंच म्हणालो, की ज्याने माणूस मळ काढतो तेच लाकडात भरून ठेवणारं घराणं मी दुसरं पाहिलं नाही. वाद बोदिलने सुरू केला.

आपल्याकडे कुठलाही निकाल कॉफीशिवाय लागत नाही, म्हणून ठरलं की खिडकीजवळ जमिनीचे तीन तुकडे आखायचे. एकावर बोदिलचा साबण, एकावर माझं व्हार्निश आणि मधल्यावर जवसाचं तेल. (तेल आस्ताचं. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण ती डबा घेऊनच आली.) रविवारी आस्ता आणि तिचा होल्गर कॉफीला आले. मी होल्गरची खुर्ची मुद्दाम साबणाच्या तुकड्यावर मांडली. होल्गरचा हात थरथरतो, बशीत नेहमी तळं साचतं, म्हटलं आज साबणाची परीक्षा होऊन जाऊ दे. तर त्या दिवशी त्या गृहस्थाने थेंब म्हणून सांडला नाही. मी त्याला पुन्हा पुन्हा कप भरून देत होतो, आणि तो लहान मुलाच्या बारशाला आल्यासारखा शांत बसून पीत होता. शेवटी मीच स्वयंपाकघरातून साय आणि रास्पबेरीचा थरांचा केक घेऊन निघालो. पायात लोकरीचे मोजे, आणि पाऊल पडलं माझ्याच व्हार्निशवर. पुढचं मला नीट आठवत नाही. केक साबणाच्या तुकड्यावर गेला आणि मी तेलाच्या. बोदिलने ओलं फडकं घेतलं, एकदा पुसलं, डाग नाही. तेल मात्र अजून पुरतं जिरलं नव्हतं, त्यामुळे माझी पँट आजही खुर्चीला सोडत नाही. मतं घेतली तर तीन विरुद्ध एक. आस्तासुद्धा फितूर झाली.

माझी यात काय चूक, ते तुम्हीच सांगा. मतदान कॉफीचं होतं, जमीन माझी होती. गुरुवारी बोदिल चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली, तेव्हा मी डबा उघडला आणि ती परत येईपर्यंत अर्धी बैठक चकचकीत करून टाकली. तिला एकदम आनंद व्हावा हाच हेतू. ती दारात उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय. आता तूच राहा यावर." मग तिने आपली दुलई काखोटीला मारली आणि अंगणात उभ्या असलेल्या आमच्या चाकांवरच्या घरात, कॅरव्हॅनमध्ये, राहायला गेली. (आपल्यात नवऱ्याची दुलई वेगळी आणि बायकोची वेगळी. ही पद्धत संसाराला किती घातक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. एकच दुलई असती तर निदान ओढाताण तरी झाली असती.)

आता शनिवारचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. लग्नाला पंचवीस वर्षं. पहाटे सगळी गल्ली दाराशी जमणार, हिरव्या डहाळ्यांची कमान उभी करणार, तुतारी वाजवून गाणी म्हणणार, आणि आम्ही दोघांनी रात्रीच्या कपड्यांत, डोळे चोळत, काही ठाऊकच नसल्यासारखं एका दारातून बाहेर यायचं. मग सगळ्यांना पाव, चीज आणि कडू दारूचा घोट. ताई, मी एका दारातून आलो आणि बोदिल दुसऱ्या दारातून, तर माझा पंचवीस वर्षांचा संसार तुतारीच्या तालावर चव्हाट्यावर येणार. मी ठरवलं होतं, शुक्रवारी रात्री तिला कसंही समजावून घरात आणायचं. कोणाला पत्ता लागणार नाही.

तोवर होल्गर आला माप घ्यायला. कमानीचं माप घेणाऱ्याकडे बघायचं नसतं, म्हणून मी खिडकीतून समुद्रपक्षी बघत राहिलो. (पक्षी एकही नव्हता.) होल्गरने घराच्या दाराची उंची घेतली, रुंदी घेतली. मग इकडे-तिकडे पाहिलं, हळूच अंगणात गेला आणि कॅरव्हॅनच्या दाराचंही माप घेतलं. दोन्ही दारांच्या मधोमध जरा वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि निघून गेला.  मला फार वाईट वाटलं, ताई. व्हार्निशचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं. त्या रात्री दुलई होती तरी मला ऊब आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मशीन आणून सगळं व्हार्निश घासून काढलं. कंबर त्यातच गेली. कोपऱ्यांत मशीन पोचेना, म्हणून भांडी घासायची तारेची घासणी ओली करून जोर लावला. सकाळी बघतो तर कोपरे काळे ठिक्कर, जणू कोणी शाई सांडली आहे. हे आस्ताच्या मांजराचंच काम, असं धरून मी त्याला अंगणभर पिटाळत होतो, तेवढ्यात कॅरव्हॅनच्या खिडकीतून आवाज आला, "ओकला लोखंड आणि पाणी एकत्र लावलंस का? त्याला काळे डाग पडतात. मांजराला सोड." खिडकी लगेच बंद झाली, पण हे गुरुवारनंतरचं पहिलं बोलणं होतं. मी मांजराची माफी मागितली आणि कोपरे काचपेपरने हाताने घासत बसलो.

काल मी साबणाचा कीस आणला. गावात बोभाटा नको म्हणून आमच्या या बेटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर आस्ताची मावसबहीण बसली होती. असो. रीतसर कालवला, पसरला, पुसला. सगळी बैठक ओली. झोपायच्या खोलीत जायची वाट बैठकीतूनच, तेव्हा मी नाइलाजाने दुलई घेऊन अंगणात गेलो आणि कॅरव्हॅनचं दार वाजवलं.

"जमीन ओली आहे," मी म्हणालो.

"कशाने?"

"साबणाने."

तिने झोपल्या जागेवरूनच हात लांबवून कडी काढली. मग म्हणाली, "किती हात दिलेस?"

"एक."

"एकाने काय होतंय? चार तरी द्यावे लागतात," ती म्हणाली, आणि भिंतीकडे सरकून जागा केली.

तेव्हा काळजी नसावी. तत्त्व म्हणून विचाराल तर व्हार्निशच श्रेष्ठ, हे मत मी बदललेलं नाही. तुमच्या माहेरचं साबणाचं शास्त्र मी केवळ शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर मान्य केलं, याची नोंद असावी.

आपला नम्र,
अक्सेल

ता. क. तुम्ही गुरुवारी येऊन आमच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपणार असं ठरलं होतं. जमीन ओली असल्यामुळे ते आता जमेलसं दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी या. आस्ताकडे खाट रिकामी आहे आणि ती तुम्हाला घाबरते, त्यामुळे सोय चांगली होईल.

आणखी ता. क. हे पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. कमान कॅरव्हॅनच्या दाराला बांधा, हे होल्गरला कोणीतरी सांगायला हवं. आम्ही सांगू शकत नाही, कारण आम्हाला कमानीबद्दल काहीच ठाऊक नाही. तुम्ही सांगू शकता. म्हणावं, दार ठेंगणं आहे, दोघांना वाकून यावं लागेल. बोदिल पुढे, मी मागे.

शेवटचं ता. क. आज सकाळी बोदिल कॉफीची किटली आणायला घरात गेली. सगळी बैठक मोज्यांवर ओलांडून गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, "अजून ओलीच आहे रे." मी तिच्या मोज्यांकडे पाहिलं. ठणठणीत कोरडे होते. मी म्हणालो, असणारच, आणि दुपारी अजून एक हात दिला.