पायरी आली की सांग

प्रिय ढमे,

एवढी मोठी बाई झालीस, तरी तुझ्या बाबांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारते. रागावू नकोस, दुसरं नाव माझ्या हातून लिहवत नाही. तुझी चिठ्ठी पोचली. एकवीस तारखेला सकाळच्या गाडीने येणार आणि मला घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. स्टेशनवरून थेट घरी येशील, जुन्या शहरात पाऊल टाकणार नाहीस, असं लिहून तू खाली रेघ मारली आहेस. दोनदा मारलीस, कागद फाटलाय तिथे. असू दे. मी तुझ्याकडे राहायला येते म्हटलं, तो शब्द फिरवत नाही. सामान तरी कितीसं आहे? दोन ट्रंका आणि बाबांची वही. घर आवरताना मात्र थोडं बोलावंसं वाटलं. तोंडाने बोलायला इथे कुणी नाही, म्हणून कागद घेतला.

चार वर्षांपूर्वी तू दारात उभी राहून बोललीस ते मी विसरले नाही. तू म्हणालीस, "राजधानी बघायला जगभरातून लोक येतात, त्यांच्याकडे बाबांचं तोंड. आणि आमच्या वाट्याला नुसती पाठ." तू गेलीस. ते वारले तेव्हाही आली नाहीस, आणि मी तुला बोल लावला नाही, कारण तुझं बोलणं खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं हा माणूस लोकांना शहर दाखवत हिंडला, आणि आपल्या दोघींना वेशीच्या आत कधी नेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, आपल्याकडे तर कळसा असून वळसासुद्धा झाला नाही. त्यांना सुट्टी सोमवारची, आणि सोमवारी राजवाडा बंद, मनोरा बंद, दरबार बंद. "बंद दरवाजे काय दाखवू तुला?" असं म्हणायचे आणि पेपर उघडायचे. पुढे पुढे मी विचारायचंच सोडलं.

पण शहर मला पाठ होतं. तुलाही होतं, तू विसरली असशील. आपलं स्वयंपाकघर म्हणजे त्यांची तालीम. बाहेरचं दार म्हणजे उत्तर वेस. मधलं टेबल म्हणजे चौक. माझ्या डावीकडचं पाण्याचं पिंप म्हणजे घड्याळाचा मनोरा, उजवीकडच्या खिडकीचा कठडा म्हणजे नदी आणि त्यावर पालथी घातलेली सात भांडी म्हणजे सात कमानींचा पूल. फडताळातले डबे बुरूज, त्यातल्या साखरेच्या डब्यावर शत्रूचा हल्ला जास्त. शेगडी हा राजवाडा, कारण म्हणे राजे कायम तापलेले असायचे. आणि तुझी उंच खुर्ची म्हणजे सिंहासन. तू त्यावर बसून चमचा आपटायचीस आणि बाबा वाकून मुजरा करायचे. ते दाराकडे तोंड करून उभे राहायचे, जणू पाहुणे आत येताहेत, आणि बोलत बोलत एकेक पाऊल मागे सरकत शेगडीपर्यंत यायचे. कितीदा तरी माझ्यावर आदळलेत. एकदा दूध सांडलं, तर म्हणाले, राजवाड्यात पूर आल्याची नोंद नाही, तू नवा इतिहास करू नकोस.

त्यांचं सगळं बोलणं लिहिलेली ती वही तेव्हा माझ्या हातात असायची. ते कुठे अडले तर मी पुढचं सांगायचं, असा नेम होता. दोन महिने मी बिनचूक सांगत होते. मग एके दिवशी त्यांनी बघितलं की वही उलटी धरलीय. मला वाचता येत नव्हतं, ढमे. ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ झालं होतं. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. वही सरळ करून हातात दिली आणि पहिल्या ओळीवर माझं बोट ठेवून कामावर गेले, बस्स. शिकवायला त्यांना वेळ नव्हता. पण पहिल्या ओळीत काय आहे ते मला माहीत होतं: ही आपली जुनी राजधानी. मग यातला "रा" कुठला आणि "धा" कुठला, हे शोधत बसले. तू दुपारी झोपलीस की मी शोधायची. पाठ असलेल्या बोलण्यावरून अक्षरं ओळखली. पुढे ग्रंथालयातून पुस्तकं आणली, ती आजतागायत आणते. पण मी वाचलेला पहिला शब्द "राजधानी", आणि ती मी पाहिलेली नव्हती.

बाबा गेल्याला दहा महिने झाले. मी अजून कधीकधी ती वही मोठ्याने वाचते. तिच्यात त्यांनी कंसात लिहून ठेवलंय, "इथे हसतील." तिथे आल्यावर मी थांबते. किती वेळ थांबायचं ते मला माहीत आहे, पाहुण्यांचं हसणं ओसरेपर्यंत. घरात नळाचा थेंब ऐकू येतो. मग मी पुढचं वाचते.

मागच्या महिन्यात मनाचा हिय्या केला आणि एकटीच गेले. एका बुधवारी तिकीट काढून उत्तर वेशीतून आत शिरले. म्हटलं, आधी मनोरा बघू, मनोरा डावीकडे. डावीकडे वळले आणि चालत राहिले. गल्ली संपली, तर समोर नदी! पूल, सात कमानी, मोजल्या मी. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं पाठ केलेलं शहर उलटं कसं झालं? पुलाच्या कठड्यावर बसले. आणि मग लक्षात आलं. अगं, मी ते शहर शेगडीकडून पाहिलेलं. पाहुणे वेशीतून आत येतात, आणि मी कायम राजवाड्यात उभी राहून वेशीकडे बघत होते. त्यांचं उजवं ते माझं डावं. एकटीच हसले. शेजारच्या बाकावरच्या बाई उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

तेवढ्यात पाहुण्यांचा घोळका आला. पुढे एक तिशीतली गाइडबाई, उलटी चालत. बाबांच्या हाताखाली शिकलेली, ते मी पहिल्या वाक्यालाच ओळखलं. मी गुपचूप घोळक्यात शिरले. निघण्याआधी तिने सर्वांत पुढच्या माणसाला सांगितलं, "मला मागचं दिसत नाही, पायरी आली की सांगा." मी तिच्याकडे बघत राहिले. ती एकदाही मनोऱ्याकडे बघत नव्हती, पुलाकडे बघत नव्हती. लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. मागाहून मी तिला ओळख सांगितली, तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "काकू, सर म्हणायचे, इमारतीला पाठ दाखवली तर ती रुसत नाही, माणूस रुसतो." मी म्हटलं, घरी हे कधी बोलले नाहीत.

आता जे सांगते ते नीट ऐक. दरबारात मोठं सिंहासन आहे, दोरी लावलेलं. तिथे पोचल्यावर ती म्हणाली, "आमचे सर इथे एक गोष्ट सांगायचे, म्हणून मीही सांगते. या सिंहासनावर सतरा राजे बसले, पण सरांच्या मते सगळ्यांत कडक राज्य त्यांच्या मुलीचं. दोन वर्षांची होती, उंच खुर्चीत बसायची. तिचा कायदा एकच, माझ्याकडे बघून बोला." लोक हसले. मी वहीत ती जागा नंतर शोधली. हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही, ढमे. कंससुद्धा नाही. म्हणजे याची तालीम त्यांनी केली नव्हती. आपल्यासमोर तर नाहीच. बाई म्हणाली, शेवटच्या तीन वर्षांत इथे आल्यावर ते जरा जास्त वेळ थांबायचे.

मी त्यांची वकिली करत नाही. पाठ ती पाठच. गोष्ट तुला सांगायची, ती परक्यांना सांगत बसले, याचा मलाही राग आहे, आणि तो मी तुझ्याइतकाच बाळगून आहे. तुला हवा तेवढा तूही ठेव.

पण त्या बुधवारनंतर मी सहा वेळा जाऊन आले. गाइडबाईच्या मागे, मग तिच्या शेजारी, आणि परवा पहिल्यांदा तिच्या जागी, पुढे. तिने पाठीमागून खांद्याला धरलं होतं, तरी दोनदा अडखळले. डावं-उजवं आता बरोबर येतं. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिलं. एकवीसला सोमवार आहे, सोमवारी सगळं बंद असतं. तू वीसला ये, रविवारी. तू मारलेली रेघ मी पाहिली आहे, तरी म्हणते. उत्तर वेशीपाशी मी दहा वाजता उभी असेन. तुझ्यामागे यायला दुसरं कुणी नसेल, पाहुणी तू एकटीच. बाबांची सगळी वाक्यं मी म्हणेन, सिंहासनापाशी थांबेनही. मी उलटी चालेन, तुझ्याकडे तोंड करून. मला मागचं दिसणार नाही. पायरी आली की तेवढं सांग.

तुझीच, वेशीत वाट बघणारी
आई