पोलादरावाचा खांदा

८ जानेवारी २०२४, सोमवार

तो भानुदास आज पुन्हा येऊन गेला. दोन तास बसला! तीन वेळा चहा झाला. पोरगं पैठणचं, आता मुंबईत पिच्चर काढतं, वय असेल बत्तीस-तेहतीस. त्याला आमचा ‘पोलादराव’ नव्यानं करायचाय. आजच्या प्रेक्षकांसाठी, म्हणतो. मी म्हटलं, आजच्या प्रेक्षकांनी तुझं काय घोडं मारलंय?

हसला, पण उठला नाही. त्याची आई म्हणे त्याला जत्रेतल्या तंबूत कडेवर घेऊन ‘पोलादराव’ दाखवायची. १९८६ चा पिच्चर, तंबूत मात्र पुढं पंधरा-सोळा वर्षं फिरत होता. कन्नड, सोयगाव, सिल्लोड — एक जत्रा सोडली नाही. आप्पासाहेबांनी काढला, तेच लेखक, तेच दिग्दर्शक, अन् तंबूही त्यांचाच. पत्र्याचा यंत्रमाणूस, एक शास्त्रज्ञ, धरण उडवायला निघालेला खलनायक, अन् शास्त्रज्ञाची मुलगी. ती मुलगी मी. मग बत्तीस वर्षं सिल्लोडला शाळेत शिकवलं, रिटायर झाले, इथं शहरात फ्लॅट घेतला, पण लोक अजून बाजारात थांबवून विचारतात — पोलादरावातल्या द्वारकाबाई का तुम्ही?

व्हय म्हणते. छान वाटतं. खोटं कशाला बोलू!

भानुदासला मी सल्लागार म्हणून पाहिजे. नव्या पिच्चरमध्ये एक छोटं कामही देतो म्हणाला. विचार करून सांगते म्हटलं. विचार कसला करायचा, मनात केव्हाच हो झालंय.

९ जानेवारी

रात्रीचं जेवण लवकर उरकून मोबाइलवर ‘पोलादराव’ बघितला. मी बारा वेळा किंचाळते. दोनदा बेशुद्ध पडते. एकदाही काही करत नाही! शास्त्रज्ञाची पोरगी म्हणे.

२१ जानेवारी, रविवार

मुंबईच्या माणसांशी लॅपटॉपवर बैठक झाली. चार चौकोनांत चार तोंडं, अन् पाचव्यात मी. भानुदास माझ्या शेजारीच सोफ्यावर.

बरंच काही बदलणार आहे. शास्त्रज्ञाची मुलगी आता स्वतः यंत्र दुरुस्त करते, मारामारी करते — हे मला लई आवडलं. खलनायक धरण उडवत नाही, लोकांच्या मोबाइलमधली माहिती चोरतो. त्यात भिण्यासारखं काय ते मला कळलं नाही. पोलादराव अख्खा कॉम्प्युटरवर बनणार. एक बाई म्हणाल्या, ‘राव’ काढून टाका, नुसतं ‘पोलाद’ ठेवा. मी म्हटलं, जावयाला कुणी अहो-जाहो सोडून बोलतं का? राव राहिला!

मग गाडी त्या थांबण्यावर आली. ‘पोलादराव’ लोकांना आठवतो तो त्या एका जागेसाठी. शेवटी पोलादरावाला हुकूम होतो, शास्त्रज्ञाच्या पोरीला मार. तो हात वर करतो — अन् थांबतो. नऊ सेकंद. मग हळूच हात खाली घेतो अन् खलनायकाकडं वळतो. बायका पदर डोळ्याला लावायच्या. मुंबईकरांचं म्हणणं, तो का थांबतो त्याला आजच्या प्रेक्षकाला कारण लागतं. भानुदास म्हणत होता, कारण देऊ नका, ते नऊ सेकंद तसेच राहू द्या. अर्धा तास घोळ चालला. शेवटी मला राहवेना. गेली अडतीस वर्षं गॅदरिंगला, हळदीकुंकवाला, सत्काराला सांगते तो किस्सा तिथंही सांगितला.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी शेवटचा सीन होता, कारण सिल्लोडजवळचं सरकी काढायचं जिनिंग नवा कापूस यायच्या आधी एकच दिवस मोकळं मिळालं होतं. लिहिलेलं एवढंच — पोलादराव हात वर करून माझ्यासमोरचं लाकडी खोकं एका फटक्यात फोडतो, मी बेशुद्ध. आप्पासाहेब लई तापट माणूस. सकाळपासून दोनदा माझी उभं राहायची जागा चुकली. आता चुकलीस तर घरी पाठवतो अन् माझ्या भाचीला घेतो, असं सगळ्यांदेखत बोलले.  तिसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला. पोलादरावानं हात वर केला अन् राहिला की तसाच! शेवटी हात खाली आला तेव्हा आप्पासाहेब ओरडले, काय झालं? पत्र्याच्या आतून निजामभाईंचा आवाज, त्यांनीच तो सांगाडा बनवलेला अन् तेच तो घालायचे — “साहेब, खांदा जाम झाला.” सगळं जिनिंग हसलं. उजेड गेलेला, जागा सोडायची होती. आप्पासाहेबांनी तोच तुकडा ठेवला अन् गोष्टच फिरवली, म्हणे यंत्राला पाझर फुटला. एका जाम खांद्यावर अख्खा मराठवाडा रडला!

चारही चौकोन हसून हसून लाल. त्या बाई म्हणाल्या, हेच घ्या, हेच आजचं आहे. भानुदास हसला नाही.

२२ जानेवारी

भानुदासचा फोन नाही. रुसलाय वाटतं. रुसू दे. खरं ते खरं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पटकथा आली. जाड आहे. सरळ शेवटचं पान काढलं. नवा पोलादराव हात वर करतो, खांदा जाम होतो, कुरकुर आवाज येतो, नायिका पान्यानं खांद्यावर टणकन हाणते, “कुठल्या पत्रेवाल्यानं बनवलाय तुला?” अन् थेटर हसतं.

मीही हसले. वाईट नाही. खाली माझं नाव सल्लागार म्हणून छापलंय. तीनदा वाचलं.

११ फेब्रुवारी, रविवार

दुपारी अजरा आली. निजामभाईंची मुलगी, बँकेत आहे, चाळिशीची. बरोबर डबा आणला होता, खोबऱ्याची बर्फी. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाली की भानुदासची माणसं अब्बांची सही घ्यायला येणार आहेत, पोलादरावाचा मूळ सांगाडा त्यांनी बनवला म्हणून. त्यात शेवट काय आहे ते तिला कळलं होतं.

“मावशी, ते जामचं काढता येणार नाही का?”

मी म्हटलं, अगं, गमतीचं आहे, त्यात एवढं काय. तर तिनं सांगितलं ते असं. निजामभाई शहागंजात पत्र्याच्या पेट्या अन् धान्याच्या कोठ्या बनवतात, साठ वर्षं. तो पिच्चर आल्यापासून मोहल्ल्यात त्यांचं नाव पडलं — जाम निजाम. अजून आहे. गिऱ्हाईक पेटी घेताना कडी दोनदा उघडून-लावून बघतं अन् हसतं. ते पेटी बांधून देतात. पण त्या पिच्चरनंतर ते कुठल्याच थेटरात गेले नाहीत. तिच्या लग्नातसुद्धा कुणीतरी माइकवरून जाम निजाम म्हणालं, तेव्हा ते उठून मांडवाच्या बाहेर जाऊन बसले होते.

मला वाईट वाटलं. पण थोडा रागही आला! मी काय मनाचं सांगते? त्यांनीच म्हटलंय खांदा जाम झाला. माझ्यासमोर म्हटलंय. झालं असेल एखाद वेळी, माणसाच्या हातून होतं. अजराला म्हटलं, बघते. बघायचं काय आहे त्यात, ते मला ठाऊक नाही. ती गेल्यावर बर्फी खाल्ली नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मीच शहागंजात गेले, सहीचे कागद घेऊन. परक्या पोरांनी जाण्यापेक्षा बरं.

निजामभाई चौऱ्याहत्तरचे झाले. हात थोडे थरथरतात, हातोडी धरली की थरथर बंद. मला स्टूल पुसून दिलं, समोरून चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली. मी शेवट वाचून दाखवला. पान्याचा भाग जरा हळू आवाजात वाचला, का ते माहीत नाही. ऐकून त्यांनी विचारलं, नवा पोलादराव कोण बनवणार? म्हटलं, कॉम्प्युटर.

“मग त्याचा खांदा कसा जाम व्हईल?”

मला हसूच फुटलं. तेही थोडं हसले. मग मी म्हटलं, निजामभाई, तुम्हाला नको असेल तर काढायला सांगते. तर नको म्हणाले. इतकी वर्षं लोकांना तेच माहीत आहे, राहू द्या. अन् उर्दूत सही केली, ऐटबाज, आधीच्या काळातल्या माणसांसारखी.

म्हणजे झालं! त्यांनाच चालतंय. अजरा उगाच मनाला लावून घेते. येताना रिक्षात बरं वाटायला पाहिजे होतं, तेवढं वाटलं नाही.

२० फेब्रुवारी

नवं काम पाठ केलं. तीन वाक्यं आहेत. आजी म्हणून. असो!

३ मार्च, रविवार

सावकाश लिहिते.

भानुदास आला सकाळी. जुन्या पिच्चरची मूळ रिळं मुंबईत सापडली होती, ती धुऊन-पुसून एकेक चित्र स्वच्छ केलंय. माझ्या टीव्हीला जोडून दाखवलं. आजवर जत्रेत, टीव्हीवर, मोबाइलवर बघितलेला ‘पोलादराव’ म्हणजे वर उजेड अन् कमरेखाली काळोख. आता सगळं लख्ख. जिनिंगमधली सरकीसुद्धा दिसते. मी लई खूश होते, ह्याला ओळख, त्याला ओळख चाललेलं.

मग तो सीन आला. अन् मला माझे पाय दिसले.

माझ्या टाचांच्या मागं जमिनीवर पांढरा गोल. रांगोळीचा. नटानं उभं कुठं राहायचं त्याची खूण म्हणून आप्पासाहेबांचा माणूस रांगोळीनं गोल काढायचा. त्या गोलात उभं राहायचं होतं! अन् रांगोळीवर पाय कसा द्यायचा? माझ्या आईनं रांगोळीला पाय लागला तर पाठीत धपाटा घातलाय. मी दर वेळी गोल सोडून पुढं उभी राहायची. चुकतंय काय तेच मला कळत नव्हतं, अन् आप्पासाहेबांना वाटायचं पोरगी बावळट आहे. त्या तिसऱ्या वेळी तर भीतीनं आणखी एक पाऊल पुढं गेले. खोक्याला चिकटून उभी आहे मी. माझं डोकं बरोबर खोक्याच्या वर आहे. सगळ्यांचं लक्ष त्या हाताकडं असणार, कुणाला दिसलं नाही. पत्र्याच्या डोक्याच्या दोन भोकांतून एका माणसाला दिसलं.

भानुदासला परत लावायला सांगितलं. मग परत. हात खाली येतो तो कसा येतो ते आज पहिल्यांदा बघितलं. सावकाश, कुठंही अडखळत नाही. भानुदास हळूच म्हणाला, मॅडम, जाम झालेला खांदा असा उतरतो का?

खांदा जाम झालाच नव्हता. तिची उभं राहायची जागा चुकली, असं निजामभाई बोलले असते तर मी त्याच संध्याकाळी घरी गेले असते. माझं काम वाचवायला त्यांनी स्वतःच्या कारागिरीला नाव ठेवलं. अन् मी? मी अडतीस वर्षं माइक हातात घेऊन त्यांच्यावर लोकांना हसवलं. मानधन नाही, नारळ अन् शाल मिळते म्हणून! मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

भानुदासला म्हटलं, तो पाना अन् ते जाम, दोन्ही काढ. मुंबईकर ऐकणार नाहीत म्हणाला. मग माझं नाव काढ, माझी तीन वाक्यंही काढ, अन् का काढलं ते मी जाईन तिथं सांगेन, म्हटलं. भानुदास म्हणाला, आता मीच भांडतो.

४ मार्च, सोमवार

दुकानात गेले. निजामभाईंना सगळं सांगितलं. तुम्ही माझं काम वाचवलंत अन् मी तुमचं हसं केलं, म्हटलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“बाई, त्या दिवशी पोलादरावाचा पंजा थर्माकोलचा नव्हता.”

मला तर थर्माकोलचाच सांगितला होता. त्यानं खोकं फुटेना, म्हणून आप्पासाहेबांनी सकाळीच लोखंडी बसवून घेतला. पोरीला बोलू नको, भिईल, म्हणाले होते.

पंजा दुकानात अजून आहे, वरच्या फळीवर. त्यांनी काढून दिला. मी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. नऊपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. तीनलाच हात खाली आले.