खिडकीतल्या नळ्या

शनिवार, १४ मार्च

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझ्या भाचीचा पुढचा दात पडला आणि तो सापडेना म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. आमच्या प्रयोगशाळेतला पंखा अजून कुरकुरतोच आहे. फोनवर तू चिडलास, आता उचलतही नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या मित्राच्या हाती देते आहे. तो उद्या तिकडे पोहोचेल.

तुझी बरणी मिळाली. तपकिरी भुकटी छान बारीक चाळली आहेस. बाबांचा आनंद काय सांगू! जन्मभर सुतारकी केली, रंध्याखालचा भुसा झाडून फेकला आणि त्याच भुशातून लेकाने औषध काढलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात, "लाकडाला ताठ उभं ठेवतं ते हे लिग्निन. झाडाला कुजू देत नाही, तर मला देईल होय?" गिऱ्हाईक बिचारं कपाटाचं माप सांगायचं विसरून ऐकत बसतं. रोज सकाळी चमचाभर भुकटी पाण्यातून घेतात.

रक्तदाबाच्या गोळ्या मात्र त्यांनी बंद केल्या आहेत. तुला हे माहीत नसावं, असं मी मनाशी धरून चालले आहे.

तू पाठवलेला फोटो त्यांनी छापून दुकानाच्या भिंतीवर लावलाय. जांभळं द्रावण, त्यात भुकटी घातली आणि सगळ्या नळ्या पिवळ्या; रंग उतरला म्हणजे भुकटीत शरीराची झीज रोखायचा गुण आहे, असा त्याचा अर्थ. मलाही आधी कौतुक वाटलं. मग नीट पाहिलं. नळ्या खिडकीत आहेत. त्यांच्यावर चक्क ऊन पडलंय.

अरे, ते द्रावण अंधारात ठेवायचं असतं. उन्हात त्याचा रंग आपसूक उतरतो. तुला हे सांगायला हवं का? पण रंग बदलताना डोळ्यांनी बघायची तुझी हौस लहानपणापासूनची. आणि तुलनेला भुकटी न घातलेली नळी त्या फोटोत कुठेच नाही.

मी तुझी भुकटी बंद कपाटात तपासली. जांभळा रंग जेमतेम फिका झाला. लिग्निनची घडण भुसा कशात आणि किती शिजवला त्यावर बदलते, त्यामुळे गुण कमीजास्त येतो, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. पण तो गुण शंभर टक्के आला असता, तरी नळीतला रंग उतरला म्हणून बाबांचा रक्तदाब उतरत नाही. एवढंच मी फोनवर म्हटलं होतं. तू म्हणालास, मी जळते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. काल सकाळी बाबांच्या डाव्या हातातून रंधा गळून पडला. ते हसले आणि उजव्या हाताने उचलला. थोड्या वेळाने चहाचा कप पडला. ओठाचा डावा कोपरा ओघळला होता. मी डॉक्टरांना बोलावून आणेपर्यंत तो पुन्हा सरळ झाला. बाबांनी डॉक्टरांना दारातूनच परत पाठवलं. "लेकाचं औषध चालू आहे. काही बदलायचं तर त्याला विचारून बदलेन," म्हणाले. डॉक्टर जाताना मला हळूच म्हणाले, पुढच्या वेळी हात परत उचलला जाईलच असं नाही. मला फार भीती वाटते आहे रे.

सोबत त्याच जांभळ्या द्रावणाच्या, काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन नळ्या आहेत. भुकटी एकीतही नाही. एक कागद काढून खिडकीत ठेव, दुसरी तशीच कपाटात, म्हणजे मी जळते का ते तुला कळेल. पण त्याआधी बाबांना फोन कर. "गोळी घ्या आणि ताईबरोबर दवाखान्यात जा," एवढंच सांग. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. माझं चुकीचं निघालं तर जन्मभर टोमणे मार, मी आवडीने ऐकेन.

नळीचा रंग उतरायची वाट बघू नकोस. तिला दिवस लागेल. बाबांकडे तेवढा आहे की नाही, मला ठाऊक नाही.

दुकानाच्या दारात, त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसलेली,
तुझी ताई