आदराचा कॉमा

३ ऑगस्ट
मीनाची तालुक्याच्या इंग्रजी निबंध स्पर्धेसाठी निवड झाली. आठवीतून ती एकटीच. विषय, माझ्या वडिलांचं दुकान. म्हणजे आपलंच, वडीगोद्रीचं, ठिबकच्या नळ्यांचं. उद्यापासून इंग्रजी मी स्वतः घेणार. रोज एक तास. बी.ए.ला इंग्रजी होतं मला.

४ ऑगस्ट
गिऱ्हाईक होतं. तास झाला न्हाई.

६ ऑगस्ट
मीनानं विचारलं, पप्पा, 'फादर्स' लिहिताना वरचा कॉमा एसच्या आधी का नंतर? म्हणलं, उद्या सांगतो. आधी तू विचार कर.

७ ऑगस्ट, सकाळी ६
मोबाइलवर पाहिलं. एक असेल तर एसच्या आधी, अनेक असतील तर नंतर. एवढंच. लोक उगाच घाबरतात.
फक्त एक गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत न्हाई. आपण 'वडील आला' म्हणतो का? वडील आले. आदरार्थी अनेकवचन. म्हणजे कॉमा नंतर. आई आली, एकवचन, तिचा आधी. नियम बराबर बसतो.
दैवशालानं चहा देताना ऐकलं. म्हणाली, म्हणजे घरात मला मान न्हाई का? बायकोशी ग्रामर बोलू नये.

८ ऑगस्ट
मीनाला नियम सांगितला. म्हणाली, पण शाळेतल्या साधना मॅडम म्हणतात, बाप एकच असतो. मी म्हणलं, असतो एकच, पण मान असतो का न्हाई? वही मिटली. पटलं तिला.

११ ऑगस्ट
अंबडला स्पर्धा. मोटारसायकलवर नेलं. गेटवर पुन्हा सांगितलं, कॉमा नंतर. दोन तास तिच्या खिडकीसमोर उभा होतो. धीर येतो लेकराला.

१४ ऑगस्ट
नंबर न्हाई. मीना जेवली न्हाई. परीक्षकाविरुद्ध अर्ज लिहिला, इंग्रजीत. परीक्षक एकच, तरी त्यांचा कॉमा नंतर दिला. आपण मान ठेवावा.

१६ ऑगस्ट
अर्ज घेऊन साधना मॅडमकडे गेलो. त्यांनी मीनाचा पेपर समोर ठेवला. अकरा ठिकाणी कॉमा पहिल्यांदा एसच्या आधीच होता. बराबर होता. मंग खोडून नंतर दिलेला. वर लाल शाईनं लिहिलं होतं, हिला वडील किती? निकालाच्या दिवशी परीक्षकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं म्हणे. पोरं हसली. मीना उभी होती.
मॅडम म्हणाल्या, कल्याणराव, बाकी निबंध पहिल्या नंबरचा होता.
चहा घेतला. अर्ज खिशातच.

१७ ऑगस्ट
आज मीनाला सांगायचं होतं. गिऱ्हाईक होतं. तसं फार न्हाई.

१८ ऑगस्ट
सांगितलं. मॅडमचंच बराबर होतं म्हणलं. ती म्हणाली, माहीत होतं पप्पा. मंग खोडलं कशाला? म्हणाली, वर पाहिलं तर तुम्ही खिडकीसमोर उभे होते.
 

२५ ऑगस्ट
मीना आता इंग्रजीचं अडलं की मॅडमला फोन करते. मोबाइल माझाच मागून नेते. झालं की आणून देते, थँक यू पप्पा म्हणते.
तेवढा वेळ मी बाहेर ओट्यावर बसतो.