रूपांतरातून वगळलेली फाईल

दि. ११ फेब्रुवारी, शुक्रवार

चि. चिमणीस,

ईश्वर तुझी बुद्धी स्थिर ठेवो, हा आशीर्वाद इतर सर्व मजकुराच्या आधी.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. इकडे क्षेम आहे. तुझ्या मामीच्या खोकल्याला उतार आहे. माझे पहाटेचे वाचन अखंड चालू असून सध्या वैराग्याचे प्रकरण लागले आहे. तुझ्या पत्रात क्षेमकुशल नव्हते, एकच प्रश्न होता. त्याच्याकडे यथाक्रम येतो. वडिलांना प्रश्न विचारताना आधी दोन शब्द लिहावेत, एवढे मी तुला शिकवले होते असे स्मरते.

गोदीतला आपला साखळीवाला परवा रुग्णालयातून घरी आला. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली काढावे लागले. मी भेटून आलो. तो हसून म्हणाला, "अधिकबाई कशा आहेत? त्यांना सांगा, गुरुजी, हुक मी बरोबरच अडकवला होता." तू अधिकाच्या चिन्हाची ती करामत केलीस तेव्हापासून धक्क्यावर तुझे हेच नाव आहे, हे तुला ठाऊकच असेल. त्याच्या बायकोने मला विचारले की चूक कोणाची निघाली. चौकशी चालू आहे, असे मी सांगितले. ते असत्य नव्हते.

त्या करामतीविषयी मी तुझ्याशी कधी मोकळेपणाने बोललो नाही. आपण दोघे क्रेनची गणिते ज्या संगणकाच्या भाषेत लिहितो, तिच्यात अधिकाचे चिन्ह आकडे मिळवते, याहून तिला फारसे कळत नाही. तू आकडा आणि त्याचे एकक एकत्र बांधून राशी केलीस. दोन टन ही एक राशी, तीनशे किलो ही दुसरी. आणि त्यांची बेरीज व्हावी म्हणून तो रूपांतरक लिहिलास. गणित चालण्यापूर्वी तो सारी फाईल वाचतो, जेथे अधिक दिसेल तेथे ते काढून दोन्ही राशींना त्यांचे एकक विचारणारी आज्ञा घालतो, आणि मगच बेरीज होते. दोन टन अधिक तीनशे किलो म्हणजे दोन हजार तीनशे किलो. रूपांतर झाले नाही तर ती भाषा एकके मुकाट्याने टाकून देते आणि तीनशे दोन म्हणते.

तू हे दाखवलेस त्या दिवशी सारे कार्यालय उभे राहिले. मी बसून होतो. ते चिन्ह तुझे बोट धरून पाटीवर मीच गिरवून घेतले होते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, या एका सिद्धान्तावर मी आयुष्य काढले. म्हणून मी म्हणालो की समोरचा कोण आहे हे पाहून जी खूण अर्थ बदलते, ती खूण नव्हे, खुशमस्करी आहे. तू हसलीस.

"अर्थ नाही हो बदलत, मामा. जोडणंच आहे ते. फक्त काय जोडतोय ते आधी बघतं."

चार माणसांत तू मला समजावून सांगितलेस. नंतर माझा चेहरा पाहून तुला वाईट वाटले असावे, कारण दुसऱ्या दिवशी तू एक सूट ठेवलीस. ज्या फाईलच्या पहिल्या ओळीत 'रूपांतर नको' असे लिहिलेले असेल, तिला रूपांतरक हात लावणार नाही. प्रमुखांनी हरकत घेतली की अशी सूट म्हणजे धरणाला ठेवलेले भोक. "राहू द्या, मामांसाठी आहे," असे तू म्हणालीस. मी दाराशीच होतो.

ती दया ही तुझी चूक. नियम करणाऱ्याने माणूस पाहू नये.

आता तुझा प्रश्न. होय, माझ्या फाईलमध्ये ती ओळ होती. सर्व जुन्या फायलींत मी ती घातली होती. डिसेंबरात पेटी आणि तिला उचलणारी तुळई यांच्या वजनांची बेरीज नव्याने लिहायची वेळ आली, तेव्हा तुझ्या राशी सोयीच्या वाटल्या आणि मी त्या घेतल्या. ओळ काढली नाही. विसरलो असे लिहिता आले असते, परंतु पत्रात खोटे लिहिण्याची मला सवय नाही. ओळ मला दिसत होती. माझ्या हातचे अधिक तुझ्या आज्ञेवाचून चालावे, एवढीच इच्छा होती. पेटी नऊ टनांची, तुळई चारशे किलोंची. बेरीज चारशे नऊ किलो झाली. एवढ्याशा ओझ्याला जितका हात लांबवता येतो तितका क्रेनने लांबवला, आणि जास्त ओझ्याला क्रेन थांबवणारा रोधक गप्प राहिला. क्रेन कलंडली आणि पेटी साखळीवाल्याच्या पायांवर आली.

तुझ्या मामीला यातले थोडे कळले आहे. काल ताट वाढता वाढता तिने विचारले, "तुमच्या पोथ्यांमध्ये असल्या मामांचं पुढे काय होतं हो?" मी ताक मागितले. स्त्रियांना कथा तेवढ्या आठवतात, तात्पर्य आठवत नाही.

सोमवारी चौकशी अधिकारी येत आहेत. सोबत निवेदन जोडले आहे. दोष रूपांतरकात होता आणि तो तपासण्यात माझ्याकडून हयगय झाली, असे त्यात तुझ्या वतीने लिहिले आहे. भाषा मी शक्य तितकी सौम्य ठेवली आहे. सही केलीस तर तुझे काम जाईल, आणि बहुधा कोणतीही गोदी तुला उभी करणार नाही. तू एकोणतीस वर्षांची आहेस. दुसरे काही शिकशील. माझ्याजवळ या वयात नावाखेरीज काही उरलेले नाही, आणि माझ्या शब्दावर विसंबून जगणारी शंभर माणसे तरी आहेत.

तू सही करणार नाहीस हेही मी जाणतो. तुझी आईही अशीच होती. म्हणून पुढचे लिहितो.

कोणत्या फाईलमध्ये कोणी केव्हा काय बदलले, याची नोंद यंत्र स्वतःहून ठेवते, हे तुला सांगायला नको. त्या दुपारी किंकाळी ऐकू येताच सारे धक्क्याकडे धावले, तूही धावलीस. त्या गर्दीत कोण केव्हा पोहोचले, हे आज कोणी शपथेवर सांगू शकत नाही. म्हातारा आपल्या खोलीत जप करीत होता, असे सर्वजण धरून चालतात. तुझे यंत्र उघडे होते. मी तुझ्या खुर्चीवर बसलो आणि ती ओळ तेथून पुसली. नोंदीत तुझे खाते आहे आणि अपघातानंतर सहा मिनिटांची वेळ आहे. सूट ठेवणारी तू, पुसणारीही तूच, असे ते वाचले जाईल. अधिकाऱ्यांनी अजून ती नोंद मागितलेली नाही. सही आली तर मागणार नाहीत. हयगयीला क्षमा असते, पुरावा पुसण्याला तुरुंग असतो. हे पत्र त्यांना दाखवावेसे वाटेल. म्हणून ते टंकलिखित आहे, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

तुझ्या आईने तुला माझ्या ओटीत घातले तेव्हा तू चार वर्षांची होतीस. हिला काही कमी पडू देणार नाही, असा शब्द मी दिला होता. मी तुझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. पुष्कळांच्या नशिबी एकही नसते.

तुझ्या आईच्या जागी असलेला,
मामा